हृदयावर काम करायचं तर डॉक्टरच व्हायला हवं का?

पत्र: मी प्राणिशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी मला ‘कमी ऑक्सिजनमध्ये प्राण्यांचं हृदय कसं तग धरतं’ हा विषय मिळाला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. यातच पुढे काम करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, हृदयावर काम करायचं तर डॉक्टर व्हायला हवं होतं. कासवाचं हृदय शिकून नोकरी कोण देणार? मला गणिताची भीती वाटते, आणि प्राण्यांवर प्रयोग करणं जमेल असंही वाटत नाही. मी काय करू?

उत्तर:

सेमिनार झाला की बहुतेक जण विषय विसरतात. तुला तो स्वस्थ बसू देत नाही, हे वाचून फार बरं वाटलं. बाबांच्या प्रश्नाकडे येतेच. पण आधी तू मला एक सांग: यातलं नेमकं काय तुझ्या मनात रुतलं? तग धरणारं शरीर, की तग धरता धरता मोडणारं? दोन्ही याच विषयात येतात, पण त्यांच्या पदव्या वेगळ्या आणि रोजचं कामही वेगळं. तुझा निर्णय यावर अवलंबून आहे असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कासवापासूनच सुरुवात करू. उत्तर अमेरिकेतलं पेंटेड टर्टल हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याच्या तळाशी जाऊन बसतं. वर बर्फाचा थर, खाली पाण्यातला ऑक्सिजन संपत आलेला. पाणी ३ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर ऑक्सिजन अजिबात नसतानाही हे कासव तीन महिन्यांहून अधिक जगतं. हृदय बंद पडत नाही, पण ठोके मिनिटाला एखादा किंवा त्याहूनही कमी होतात. ऑक्सिजनशिवाय साखर मोडली की लॅक्टिक आम्ल तयार होतं, आणि इतक्या दिवसांत साठलेल्या आम्लानेच खरं तर ते मरायला हवं. तिथे त्याचं कवच कामाला येतं. कवचातले कार्बोनेट क्षार रक्तात उतरून आम्ल शमवतात आणि लॅक्टेटचा, म्हणजे त्याच आम्लापासून उरणाऱ्या क्षाराचा, बराचसा भाग कवचातच जाऊन बसतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वही मिटून कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते.

क्रुशियन कार्प नावाचा मासाही असाच बर्फाखाली अडकतो, पण त्याची युक्ती निराळी. तो लॅक्टेटपासून इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल बनवतो आणि ते कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो. आम्ल साठतच नाही, त्यामुळे हृदयाला मंदावण्याची गरज पडत नाही. ऑक्सिजन नसलेल्या गार पाण्यात या माशाचं हृदय पाच दिवस जवळपास नेहमीइतकंच रक्त फिरवत राहतं, हे २००४ साली मोजून दाखवण्यात आलं. कासवाने चूल मंद केली, माशाने धुराला वाट काढून दिली. आणि जमिनीखालच्या बिळांत दाटीने राहणारा नेकेड मोल-रॅट हा उंदरासारखा प्राणी ऑक्सिजनशिवाय १८ मिनिटं काढतो. त्याचा मेंदू आणि हृदय तेवढ्यापुरतं ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोज वापरतात, असं २०१७ साली समजलं.

हे झालं जिंकणाऱ्यांचं. आता दुसरी बाजू, जी सेमिनारमध्ये सहसा मागे पडते.

समुद्रसपाटीला राहणारा उंदीर १० टक्के ऑक्सिजनच्या पेटीत ठेवला, तर तो साधारण साडेपाच हजार मीटर उंचीवर नेल्यासारखंच होतं. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांची एक सवय आहे: ऑक्सिजन कमी झाला की त्या आकसतात. फुप्फुसाचा एखादाच भाग बंद पडला असेल तर ही सवय फार उपयोगाची, कारण रक्त चांगल्या भागाकडे वळतं. पण सगळ्याच हवेत ऑक्सिजन कमी असेल तर सगळ्याच वाहिन्या आकसतात, त्यांच्या भिंती जाड होतात, आणि त्यांच्यात रक्त ढकलणाऱ्या उजव्या निलयावर, म्हणजे हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यावर, भार येतो.

तीन आठवड्यांनी ते हृदय हातात घेतलं की काय करायचं असतं ते सांगते, कारण हे काम मी काही वर्षं केलं आहे. हृदय अंगठ्याच्या पेरापेक्षा फारसं मोठं नसतं. वरचे दोन कप्पे काढून टाकायचे. मग बारीक कात्रीने, मधल्या पडद्याच्या कडेकडेने, उजव्या निलयाची बाहेरची भिंत अलगद वेगळी करायची. एरवी ती कापडासारखी पातळ लागते. पेटीतल्या उंदराची कात्रीखाली जाड आणि घट्ट जाणवते. दोन्ही तुकडे टिपकागदावर टिपायचे, तराजूवर ठेवायचे, आणि उजव्या भिंतीच्या वजनाला डावा निलय आणि मधला पडदा यांच्या एकत्र वजनाने भागायचं. निरोगी उंदरात उत्तर ०.२५ च्या आसपास येतं, या उंदरात ०.४ च्या पुढे जातं. कात्री अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे गेली तरी आकडा बदलतो. म्हणून वजन करणाऱ्याला उंदीर कोणत्या गटातला हे ठाऊक नसावं, असा नियम असतो.

आता हे जाड झालेलं हृदय जुळवून घेतलेलं म्हणायचं की आजारी? हा प्रश्न अजूनही पूर्ण सुटलेला नाही आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तोच आहे. कारण १९५८ साली प्राग इथल्या संशोधकांनी दाखवलं, की विरळ हवेची सवय झालेल्या उंदरांच्या हृदयाचा स्नायू ऑक्सिजन तुटल्यावर जास्त चांगला सावरतो. पुढे रक्तपुरवठा मुद्दाम रोखून केलेल्या प्रयोगांतही अशा हृदयांचं नुकसान कमी झालेलं दिसलं. एकाच हृदयाचा उजवा भाग सोसतो आहे आणि तेच हृदय झटक्यापासून जास्त सुरक्षितही आहे. उंचावरच्या कुरणांत नेलेल्या गुरांमध्ये हीच गोष्ट टोकाला जाते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पशुवैद्यांनी एक आजार नोंदवला: उजवं हृदय थकतं आणि गुरांच्या गळ्याखाली, छातीपाशी पाणी साठून सूज येते. याकला तिथे काही होत नाही, त्याच्या फुप्फुसातल्या वाहिन्या पातळच राहतात. माणसांतही हेच. पेरूमधले डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२५ साली अँडीज पर्वतात राहणाऱ्यांमधल्या अशा आजाराचं वर्णन केलं, ज्यात तांबड्या पेशी वाढत वाढत रक्त घट्ट होतं. तिबेटी लोकांत मात्र तेवढ्याच उंचीवर हिमोग्लोबिन फारसं वाढत नाही, आणि त्यामागे ईपीएएस१ या जनुकाचं त्यांच्याकडे असलेलं वेगळं रूप आहे.

हे सगळं इतकं लांबवून सांगितलं, कारण तुझ्या पत्रात फक्त कासव आहे. कासवच आवडत असेल तर तुझी वाट तुलनात्मक शरीरक्रियाशास्त्राची, म्हणजे वेगवेगळ्या प्राण्यांची शरीरं कशी चालतात ते ताडून पाहण्याची. तिला डॉक्टरकी लागत नाही. प्राणिशास्त्र, मग शरीरक्रियाशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्रात पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. कासवाच्या कवचाचं कोडं उलगडणारे ब्राउन विद्यापीठातले डोनाल्ड जॅक्सन आणि क्रुशियन कार्पवर काम करणारे ऑस्लो विद्यापीठातले योरान निल्सन हे याच वाटेवरचे. जाड झालेली भिंत आणि घट्ट झालेलं रक्त मनात घर करून असेल, तर वैद्यकीय जीवशास्त्र, औषधशास्त्र किंवा पशुवैद्यक तुझ्या जास्त जवळचं.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. ऑक्सिजन कमी झाल्याचं पेशीला कळतं कसं, हे शोधल्याबद्दल २०१९ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना मिळालं, आणि हे तिघेही वैद्यकीय शिक्षण घेतलेले आहेत. पण त्यांनी शोधलं काय ते बाबांना जरूर सांग. एचआयएफ नावाचं प्रथिन पेशीत सतत बनत असतं. ऑक्सिजन भरपूर असला की त्याच्यावर एक रासायनिक खूण चढते आणि ते काही मिनिटांत नष्ट होतं. ऑक्सिजन कमी पडला की खूण चढत नाही, प्रथिन टिकतं, पेशीकेंद्रात जाऊन तांबड्या पेशी वाढवणारी, नव्या रक्तवाहिन्या फुटवणारी, साखर जास्त वापरायला लावणारी जनुकं चालू करतं. हे काम रुग्णाच्या खाटेजवळ झालेलं नाही. प्रथिनं वेगळी करणं, जनुकं तोडून पाहणं, असं ते वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत चाललं, आणि अशा कामात प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र शिकलेल्यांचे हात लागतात.

त्यातून औषधं आली, हेही सांग. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तक्षयावर दिलं जाणारं रॉक्सॅडुस्टॅट हे औषध एचआयएफ टिकवून धरतं. बेल्झुटिफान उलट त्याच कुटुंबातल्या एका प्रथिनाला अडवतं आणि मूत्रपिंडाच्या काही कर्करोगांत वापरलं जातं. औषध कंपन्यांत अशा कामाला शरीरक्रियाशास्त्र येणारी माणसं लागतात. प्रत्यारोपणासाठी काढलेलं हृदय जास्त तास चांगलं कसं ठेवायचं, यावर काम करणारे गट आहेत. जन्मतःच हृदयात दोष असल्यामुळे निळी पडणारी बाळं शस्त्रक्रियेपर्यंत कमी ऑक्सिजनवरच वाढत असतात. त्यांच्या हृदयाचं काय होतं हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे. समुद्र तापतो तसा पाण्यातला ऑक्सिजन घटतो आहे, म्हणून मत्स्यविज्ञानातही माशाच्या हृदयाकडे नव्याने पाहिलं जातंय.

तरी एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. विद्यापीठातल्या कायम जागा थोड्या असतात आणि तिथवर पोचायला पदवीनंतर दहा वर्षंही जातात. ही दहा वर्षं कशी काढायची याचा हिशेब घरी बसून, आकडे मांडून, बाबांबरोबर करायला हवा. तो न करता नुसत्या आवडीवर निघालेली मुलं मी मधेच थकलेली पाहिली आहेत.

गणिताचं भय मात्र मी इतकं मनावर घेणार नाही. या विषयातलं सगळ्यात उपयोगाचं सूत्र आडोल्फ फिक यांनी १८७० साली मांडलं, आणि त्यात एक वजाबाकी व एक गुणाकार आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकतं. जाताना लिटरमागे साधारण २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, परतताना १५०. फरक ५०, गुणिले ५: शरीर मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतंय. आता ऑक्सिजन कमी केला तर या तीनपैकी कोणता आकडा हलेल, असं स्वतःला विचार. कासव कुठला हलवतं? रक्तात हिमोग्लोबिन वाढवणारा कुठला? हे कागदावर करता आलं तर तुझं काम चालेल. संख्याशास्त्र मात्र टाळता येणार नाही. ते याच वर्षी सुरू कर.

प्राण्यांच्या प्रयोगांबद्दल तू लिहिलंस ते मला महत्त्वाचं वाटतं. हृदयाच्या ऊतींवरचं बरंचसं काम प्राणी मारूनच होतं, हे मी तुला गोड करून सांगणार नाही. पहिल्या काही महिन्यांत माझे हात थरथरायचे, आणि त्याची लाज वाटायचं काही कारण नव्हतं. प्रत्येक प्रयोगाला नैतिक समितीची परवानगी लागते. प्राण्याऐवजी दुसरं काही वापरता येईल का, संख्या कमी करता येईल का, वेदना कमी करता येतील का, हे तीन प्रश्न रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडले आणि आजही विचारले जातात. शिवाय या विषयात प्राण्याला न मारता होणारं मोठं काम आहे. मूळपेशींपासून वाढवलेल्या, बशीत धडधडणाऱ्या हृदयपेशी कमी ऑक्सिजनमध्ये ठेवून अभ्यासता येतात. याक किंवा सीलची जनुकं रक्ताच्या नमुन्यातून वाचता येतात. हिमालय ओलांडणाऱ्या पट्टकदंब हंसांच्या अंगात छोटी यंत्रं बसवून उडताना त्यांचे ठोके मोजले गेले. २०१९ साली तर निळ्या देवमाशाच्या अंगाला चोषकांनी चिकटवलेल्या यंत्राने बुडी मारलेली असताना मिनिटाला दोन ठोके इतका कमी वेग नोंदवला.

या सुट्टीत एखाद्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत महिनाभर बसायला मिळतं का पाहा. पगार मिळणार नाही, कदाचित नुसत्या बाटल्या धुवाव्या लागतील, तरी जा. एखाद्या प्राध्यापकांना पत्र लिहिताना ‘मला हृदयाची आवड आहे’ एवढंच लिहू नकोस. कोणता प्राणी, कोणती ऊती, काय मोजायचं आहे, हे दोन ओळींत लिही. उत्तर येण्याची शक्यता वाढते. परत आलीस की मला कळव. निकाल काय लागले ते राहू दे, दिवसभर तुझे हात काय करत होते आणि संध्याकाळी घरी जाताना तुला काय वाटत होतं तेवढं लिही. पुढच्या वर्षी कोणत्या विषयाचा अर्ज भरायचा ते त्यावरून ठरवू.