पुण्याच्या पाण्यावरच्या संशोधनात लोकसंख्याशास्त्र नेमकं कुठे वापरायचं?

तुम्ही लिहिलंय की पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करताय, प्रबंधाचा विषय पुण्याचं पाणी आणि शाश्वत विकास असा आहे, आणि गाइडनी 'लोकसंख्येचं एक प्रकरण घाला' म्हणून सांगितलंय. त्या प्रकरणात काय लिहायचं आणि कोणतं मॉडेल घ्यायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी बरीच वर्षं लोकसंख्येच्या आकड्यांवर काम केलंय, त्यातली बहुतेक पुणे जिल्ह्यातच. माझं पहिलं सांगणं हे की वेगळं प्रकरण लिहू नका. लोकसंख्या तुमच्या प्रत्येक तक्त्यात आधीच येऊन बसली आहे. 'दरडोई' म्हटलं की भागाकारात माणसं आली, 'एकूण मागणी' म्हटलं की गुणाकारात आली. ही माणसं कोण, कुठल्या वयाची, किती जणांच्या घरात राहणारी, कधी आलेली, हे उलगडून दाखवणं हाच तुमच्या कामाचा गाभा होऊ शकतो.

सिव्हिलच्या पुस्तकांत पाणीयोजनेसाठी लोकसंख्या काढायच्या दोन सोप्या पद्धती असतात, अंकगणिती वाढ आणि भूमितीय वाढ. त्या पुण्याला लावून बघा. 2001 च्या जनगणनेत महापालिका हद्दीत 25,38,473 लोक होते, 2011 मध्ये 31,24,458. म्हणजे दहा वर्षांत 5.86 लाखांची भर. दर दशकात तेवढीच भर पडेल असं धरलं तर 2031 साठी जवळपास 43 लाख येतात. भर तेवढीच न धरता वाढीचा दर तोच धरला, सुमारे 23 टक्के, तर 47.3 लाख येतात. फरक 4.4 लाखांच्या आसपास. माणशी रोज 135 लिटर हा नेहमीचा निकष लावला तर वर्षाला हा फरक पाऊण टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) होतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साठवण साधारण 29 टीएमसी. त्याच पाण्यातून कालवा हडपसरवरून पुढे दौंड, इंदापूरकडे जातो. तेव्हा आपण कागदावर कोणती पद्धत निवडतो, याचा संबंध थेट कुणाच्या तरी उन्हाळी आवर्तनाशी, म्हणजे शेतीसाठी कालव्यातून पाळीने सुटणाऱ्या पाण्याशी आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. अंदाज चुकला तर चुकला, असं म्हणून हात झटकण्यासारखं हे काम नाही.

आणि वरचे दोन्ही आकडे जुन्या हद्दीचे आहेत. 2017 मध्ये 11 गावं महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23 आली, आणि 2017 च्या गावांतली उरुळी देवाची व फुरसुंगी नंतर वगळली गेली. हद्द बदलली की वाढीचा दर फुगतो, प्रत्यक्षात एकही माणूस नव्याने आलेला नसतो. म्हणून सगळ्यात आधी एक नकाशा ठरवा आणि सगळ्या वर्षांचे आकडे त्याच नकाशावर आणा. हे कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं डळमळीत राहतं.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो. धायरीत टँकरच्या पाण्याचा हिशेब करताना मी चालू वर्षाच्या पाण्याला 2011 च्या लोकसंख्येने भागलं. दरडोई वापर अफाट आला आणि 'लोक पाणी उधळतात' असं वाक्य मी अहवालाच्या कच्च्या खर्ड्यात लिहूनही टाकलं. नंतर त्याच रस्त्याने चालत गेलो तेव्हा निम्म्याहून जास्त इमारती जनगणनेनंतरच्या दिसल्या. पाणी आजचं आणि माणसं कधीचीच, असा तो भागाकार होता. मग मिळकतकराच्या नोंदींवरून घरं मोजली, थोड्या घरांचं सर्वेक्षण करून दर घरी माणसं किती ते काढलं, आणि ते वाक्य खोडलं. जे लोक विकत पाणी घेऊन दिवस काढत होते, त्यांनाच मी उधळे ठरवलं होतं. 2021 ची जनगणना झालीच नाही आणि पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 आहे. त्यामुळे ही चूक आज कुणाच्याही हातून सहज होऊ शकते.

आता मॉडेल. कोहॉर्ट कॉम्पोनंट पद्धत शिकून घ्या. नाव जड आहे, पण हिशेब एक्सेलमध्ये मावतो. माणसं पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत मांडायची. आज 20 ते 24 वयाच्या बायका पाच वर्षांनी 25 ते 29 मध्ये जातील, त्यातल्या किती हयात राहतील तेवढ्या पुढे सरकवायच्या, जननक्षम वयातल्या बायकांना जननदर लावून नवे जन्म काढायचे, आणि स्थलांतराने आलेले मिळवून गेलेले वजा करायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019-21 च्या फेरीत, महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, 1.7 आला. माणसांची एक पिढी दुसऱ्या पिढीची जागा पुरेपूर भरायची तर तो 2.1 च्या आसपास लागतो. म्हणजे पुण्याची वाढ पाळण्यापेक्षा एसटी स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर जास्त घडते, आणि येणारे मुख्यतः विशी-तिशीतले असतात. पिंपरी-चिंचवड 2001 ते 2011 मध्ये 10 लाखांवरून 17 लाखांच्या पुढे गेलं, ते काही बारशांनी नव्हे. त्यामुळे तुमची सगळी ताकद स्थलांतराच्या गृहीतकांवर लावा, तीन वेगवेगळी गृहीतकं घ्या आणि तिन्हींचे आकडे छापा. मधलाच आकडा खरा, असं भासवू नका.

जन्मांचे आकडे घेताना एक गोष्ट आपल्याकडची म्हणून लक्षात ठेवा. जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथे होते, आईबाप राहतात तिथे नव्हे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत अजून आहे, शिवाय अवघड बाळंतपणाच्या बायका आजूबाजूच्या तालुक्यांतून पुण्याच्या दवाखान्यांत येतात. शहराच्या जन्मनोंदींना शहराच्या लोकसंख्येने भागून जन्मदर काढलात, तर बाळ पुण्याचं आणि आई पुरंदरची असा घोळ होतो. आईचा राहता पत्ता नोंदीत असतो, त्यावरून वेगळं करा.

घरांकडेही बघा. दहा हजार माणसं पाच-पाचच्या घरांत राहिली तर दोन हजार घरं, चार-चारच्या घरांत राहिली तर अडीच हजार. डोकी तेवढीच, पण नळजोड, फ्रिज, वॉशिंग मशीन, दुचाक्या, जमीन या सगळ्याची मागणी घरांमागे वाढते. 2003 मध्ये 'नेचर'मध्ये जियांगुओ लिऊ आणि सहकाऱ्यांनी हे अनेक देशांच्या आकड्यांवरून दाखवलं होतं. जैवविविधता संकटात असलेल्या प्रदेशांत कुटुंबांची संख्या लोकसंख्येपेक्षा वेगाने वाढत होती. पुण्यात एकत्र कुटुंबाचा वाडा पाडून त्या जागी फ्लॅट होतात, तेव्हा हेच घडत असतं.

भागांची तुलना करणार असाल तर वयाचं प्रमाणीकरण केल्याशिवाय करू नका. सदाशिव, नारायण पेठेत म्हातारी माणसं जास्त, हिंजवडी-वाकडला तरुण जास्त. उन्हाळ्यातले मृत्यू साध्या दराने मोजले तर पेठा धोक्याच्या आणि हिंजवडी सुरक्षित दिसेल. त्यातलं निव्वळ वयामुळे किती, हे आधी बाजूला काढावं लागतं.

जागतिक पातळीवरचं वाचायचं असेल तर व्हिएन्नाजवळच्या आयआयएएसए संस्थेत वोल्फगांग लुट्झ आणि समीर के. सी. यांनी केलेलं काम वाचा. त्यांनी वय आणि लिंग यांच्या जोडीला शिक्षण हा तिसरा पैलू प्रक्षेपणात, म्हणजे पुढच्या लोकसंख्येच्या अंदाजात आणला, आणि हवामानबदलाच्या अभ्यासातल्या एसएसपी परिदृश्यांसाठी (समाज पुढे कोणकोणत्या वाटांनी जाऊ शकतो याच्या कल्पित चित्रांसाठी) ते आकडे वापरले जातात. 2016 च्या एका निबंधात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की शाश्वत विकास उद्दिष्टांमधली शिक्षण-आरोग्याची लक्ष्यं गाठली, तर 2100 मध्ये जगाची लोकसंख्या 820 ते 870 कोटींच्या दरम्यान राहील. मला हा विचार पटतो, कारण इथे माणूस नुसता भार म्हणून मोजलेला नाही. याउलट 'परिणाम म्हणजे लोकसंख्या गुणिले उपभोग गुणिले तंत्रज्ञान' हे 1971 पासूनचं सूत्र जपून वापरा. सरासरी घेतली की एका नळावर वीस घरं असलेली वस्ती आणि पोहण्याचा तलाव असलेली सोसायटी एकाच दरडोई आकड्यात विरघळतात, आणि दोष मात्र नेहमी नव्याने आलेल्या गरिबाला लागतो.

मदत लागली तर डेक्कनला गोखले अर्थशास्त्र संस्थेत लोकसंख्या संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन विचारा. एक सावधगिरी म्हणजे कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे जिल्ह्याच्या खाली वापरू नका. वॉर्डसाठी नमुना पुरत नाही.

कालव्याखालची गावं घेणार असाल तर ऊसतोड कामगारांना विसरू नका. 2011 ची माणसांची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन गळीत हंगामात. त्या सगळ्या दिवसांत जो घरी नव्हता, त्याला जिथे सापडेल तिथे मोजायचं असा नियम होता. बीडकडून आलेली टोळी त्या नियमाने कारखान्याच्या गावात मोजली जायला हवी. उन्हाळा कडक होतो तोवर ती परत गेलेली असते, आणि तिच्या मूळ गावाला टँकर मात्र कमी माणसांच्या हिशेबाने लागू शकतो. इंदापूर-दौंडला एकदा जानेवारीत जा, एकदा जूनमध्ये जा. जानेवारीत ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपाशी, म्हणजे झोपड्यांपाशी, बायकांना विचारा की पाणी कुठून आणता, किती हंडे, किती खेपा. मग त्या हंड्यांसाठी तुमच्या तक्त्यात एक स्तंभ करा.