आधी त्यांना त्यांचीच नोटीस ऐकव

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या कर्मचाऱ्यांना डिजिटल सुलभतेचं, म्हणजे संगणकावरची माहिती दिव्यांगांनाही वापरता येईल अशी करण्याचं, प्रशिक्षण द्यायची जबाबदारी तुझ्यावर आली, हे वाचून फार बरं वाटलं. तुझा आराखडा कायद्यापासून सुरू होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सांगायलाच हवा, त्यातलं माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेचं कलम ४२ तर नक्कीच. पण ते दहा मिनिटांत आटप. सुरुवात कर ती त्यांच्याच टेबलावरच्या नोटिशीपासून.

संगणकावर एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम टाकून घे. तो मोफत आहे आणि मराठीही वाचतो. मग कार्यालयातली कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल उघड आणि सगळ्यांना ऐकू दे. ‘महाविद्यालय’च्या जागी ई, जी, के, एफ, ओ अशी रोमन अक्षरं निघतील, कारण फाइलमध्ये खरोखर तीच आहेत, मराठी दिसतं ते फक्त फॉन्टमुळे. त्यानंतर सही-शिक्क्याची स्कॅन प्रत उघड. तिच्यात तर अक्षरच नसतं, नुसता फोटो. फी भरायची शेवटची तारीख अंध विद्यार्थ्यापर्यंत का पोचत नाही, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

कृतिदेवऐवजी युनिकोड, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत, म्हटलं की लिपिकांना धास्ती वाटते. वर्षानुवर्षं त्यांची बोटं टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली असतात, आणि ते कौशल्य त्यांनी कष्टानं कमावलेलं असतं. युनिकोडमध्येही तीच मांडणी मिळते, हे आधी दाखव. एवढं जमलं तर निम्मं काम झालं, असं मी मानतो.

सहीची प्रत रेकॉर्डला लागतेच, ती राहू दे. तिच्या जोडीला वर्डमधून ‘सेव्ह अ‍ॅज’नं काढलेली पीडीएफ टाकायला सांग. ‘प्रिंट’मधून काढलेली नको, त्यात शीर्षकांची रचना गळून पडते. शीर्षकाला नुसतं ठळक करून भागत नाही, ‘हेडिंग’ स्टाइल लावावी लागते. तिच्या आधारानंच ऐकणारा थेट हव्या त्या भागावर जातो. आकृत्यांचं वर्णन, व्हिडिओंची कॅप्शन हे प्राध्यापकांसोबत पुढच्या बैठकीत घे.

परीक्षा विभागाकडे मात्र पहिल्याच आठवड्यात जा. लेखनिक मागण्याचा अर्जच स्कॅन केलेला असेल, तर तो भरायलाही दुसरं कोणी शोधावं लागतं. तो वर्डमध्ये नव्यानं करून घे आणि एखाद्या अंध विद्यार्थ्याची तयारी असेल तर त्याच्याकडून भरून बघ. तो कुठे अडतो ते मला कळव.

तुझा,
सर