काट्यापाशी उभी राहा

पोरी,

काल फोनवर तुझा आवाज पार बसला होता. तुझ्या बीटमधली, म्हणजे तुझ्याकडच्या अंगणवाड्यांतली, सॅमची (अतितीव्र कुपोषित) मुलं 4 वरून 11 झाली म्हणून बैठकीत सगळ्यांसमोर तुला उभं केलं, आणि बाहेर आल्यावर कुणीतरी हळूच म्हणालं, "पुढच्या महिन्यात आकडे जरा जुळवून घे." जुळवू नकोस. ती 7 मुलं आधीही होती. तू स्वतः वजनं घेतलीस म्हणून दिसली.

आकडा वजनकाट्यापाशी तपासायचा, टेबलापाशी नाही. हे मला फार उशिरा कळलं.

मी पर्यवेक्षिका होते तेव्हा माझ्याकडे 27 अंगणवाड्या होत्या. एका गावात सलग तीन महिने सॅम शून्य. मी सह्या केल्या, बैठकीत त्या सेविकेचं कौतुकही केलं. चौथ्या महिन्यात गेले तर एक मुलगी भिंतीला टेकून बसलेली, गाल भरलेले, सारखी किरकिर. रजिस्टरमध्ये वजन साधारण. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून तीन आकडे मोजले, अंगठा उचलला, तरी खड्डा तसाच. अशी सूज दोन्ही पायांवर असली की वजन काहीही असो, मूल सॅमच धरायचं. सुजेचं पाणी आम्ही वजनात मोजत होतो! त्याच दुपारी तिला दवाखान्यात नेलं. वाचली.

सेविकेनं पाय का तपासले नाहीत? कारण आधी तिच्याकडे 2 सॅम निघाली तेव्हा मीच तिला झापलं होतं. पुन्हा बोलणी खायला कोण शोधेल? माझ्याकडे दोन बीटचा भार होता, गाडी नव्हती, हे खरं आहे आणि ते मी आजही सांगते. पण नोटीस तिला गेली, आणि मी गप्प बसले.

खोटी नोंद कशी ओळखायची, विचारलंस. रजिस्टर नीट वाच गं! सगळी वजनं 9.0, 9.5, 10.0 अशीच आहेत? काट्यावर 9.3 पण येतं, 10.7 पण येतं. प्रत्येक मूल दरमहा बरोबर 200 ग्रॅमनं वाढतंय? घरचे दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले, तर डिसेंबरचं वजन घेतलं कुणी?

असं सापडलं तरी लगेच नोटिशीचा कागद काढू नकोस. तिथे जा आणि काट्यापाशी उभी राहा. रिकामी झोळी अडकवल्यावर काटा शून्यावर येतो का बघ. किराणा दुकानातलं 2 किलोचं वजन लावून बघ. दोन वर्षांच्या आतल्या मुलाची लांबी निजवूनच घेतात ना, पाहा. कित्येकदा काटाच बिघडलेला असतो आणि सेविका वर्षभर सांगून थकलेली असते.

जाब विचारायचाच. पण सॅम किती निघाली याचा नको. सापडलेल्या मुलाचं पुढच्या पंधरा दिवसांत काय केलं, याचा जाब विचार. ग्राम बालविकास केंद्रात, म्हणजे गावातच अशा मुलांना जास्तीचा आहार देतात तिथे, घेतलं का? वजन पुन्हा कधी केलं? वाढलं नसेल तर पुढे पाठवलं का?

आणि पुढच्या बैठकीला 11 जणांची नावानिशी यादी ने, दंडघेर लिहून. कुणाचा 11.5 सेंटीमीटरच्या आत आहे (तीही सॅमचीच खूण), तेही दाखव. साहेबांना म्हण, यातल्या कुठल्याही गावाला चला, काटा मी घेते. ते चिडतील. तेव्हा बोलणी तू खा, सेविकेवर ढकलू नकोस. मी ढकलली होती.