आयटी गव्हर्नन्स: सुरुवात कुठून करायची

खानापूरच्या सौहार्द सहकारी संस्थेत हे काम नव्यानं हाती घेताय, तर आधी खूणगाठ बांधा: सर्व्हर चालू ठेवणं हे व्यवस्थापन. पैसा कशावर घालायचा, धोका किती पत्करायचा, जाब कुणाला विचारायचा, हे संचालक मंडळानं ठरवणं म्हणजे गव्हर्नन्स. आयएसओ ३८५०० या आयटी गव्हर्नन्सच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००८ च्या पहिल्या आवृत्तीत मंडळाची तीन कामं सांगितली होती: मूल्यमापन, दिशा, देखरेख.

पहिल्या महिन्यात एवढंच करा:

- एका पानावर निर्णयांचा तक्ता, प्रत्येकापुढे एकच नाव. 'समिती' लिहिलंत की जबाबदार कुणीच नाही.
- बॅकअप घेतला जातो, एवढं पुरेसं नाही. त्यातून डेटा परत उतरवून (रिस्टोर करून) पाहिल्याची तारीख मंडळापुढे यायला हवी. इथंच बहुतेकांचं पितळ उघडं पडतं.
- २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवायची असते. रविवारी कोण कळवणार?

कोबिट २०१९ या आयटी गव्हर्नन्स-व्यवस्थापनाच्या चौकटीतली ४० उद्दिष्टं एकदम राबवायला जाऊ नका. त्यातली गव्हर्नन्सची ५च घ्या, बाकीची सध्या राहू द्यात. सॉफ्टवेअरवाल्याकडेच ॲडमिन पासवर्ड, मंजुरी आणि तपासणी, असं तर मुळीच नको. आणि धोरण नुसतं इंग्रजीत ठेवू नका, निपाणी शाखेतल्या कॅशियरला ते मराठी-कन्नडमधूनच वाचता येईल.