पॅरिसहून तीन रात्री समुद्रावर

प्रश्न : माझी मुलगी पॅरिसला नोकरी करते. गणपती विसर्जन झालं की मी, यजमान आणि सासूबाई तीन आठवड्यांसाठी तिच्याकडे जाणार आहोत. घट यंदा धाकट्या दिरांकडे बसणार, त्यामुळे परतायची घाई नाही. तिथे असताना मुलीला सलग चार दिवस रजा मिळेल आणि तेवढ्यात तीन रात्री समुद्राकाठी राहायचा विचार आहे. सासूबाई पंच्याहत्तरीच्या, माहेर मालवण. लग्न होऊन नाशिकला आल्यापासून समुद्रासाठी झुरतात. सपाट रस्त्यावर छान चालतात, पण गुडघ्यांमुळे पायऱ्या नकोत. त्यांना मासे प्रिय. मी शाकाहारी, अंडं चालतं. यजमान वीज मंडळातून निवृत्त. मुलीच्या मैत्रिणींनी पाच नावं दिली आहेत : एत्रता, दोव्हिल, सॅं-मालो, कासी, नीस. फोटो सगळ्यांचेच सुंदर आहेत. राहायला कोणतं गाव धरावं?
– मंजिरी, नाशिक

उत्तर : मंजिरीताई, सॅं-मालोला राहा. एवढ्या ठामपणे सांगते आहे, कारण तुमच्या पत्रातला समुद्र मला सासूबाईंसाठी हवा असलेला दिसतो आणि त्यांच्या ओळखीचा समुद्र त्यांना तिथेच भेटेल.

कसा ते सांगते. नीस आणि कासी भूमध्य समुद्रावर आहेत. तिथलं पाणी निळंभोर, पण भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. सकाळी जिथे पाणी, तिथेच संध्याकाळी. मालवणात वाढलेल्या बाईला असा समुद्र दोन दिवसांत मुका वाटेल. सॅं-मालो फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावर आहे आणि तिथली भरती युरोपातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी. मालवणला पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं. सॅं-मालोला उधाणाच्या दिवशी हाच फरक बारा मीटरच्या पुढे जातो, म्हणजे चार मजली इमारतीएवढा. दिवसातून दोनदा ते गाव बेट झाल्यासारखं दिसतं आणि दोनदा त्याच्यासमोर अफाट वाळू उघडी पडते.

आता तारखा. फ्रान्समध्ये भरतीच्या जोराला वीस ते एकशेवीस असे आकडे देतात आणि ते वेळापत्रक गावोगाव मिळतं. पण सासूबाई तुम्हाला तिथीवरूनच सांगतील : अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती. ब्रिटनीत उधाणाचा खरा जोर अमावास्येनंतर दीड-दोन दिवसांनी येतो. त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दिवस-रात्र सारखे होण्याच्या सुमारास, वर्षातली मोठी उधाणं येतात. तुम्ही तीन आठवडे तिथे आहात, म्हणजे सर्वपित्री अमावास्या मधेच येते. अमावास्येला प्रवास नको असं सासूबाई म्हणाल्या, तर त्यांचं ऐका आणि प्रतिपदेला सकाळी निघा. काहीही चुकणार नाही, उलट बरोब्बर वेळेवर पोचाल. मुलीने रजा मागायच्या आधी कॅलेंडर बघावं, एवढंच.

त्या दिवसांत पूर्ण ओहोटी साधारण दुपारी तीनच्या सुमारास येते आणि भरती संध्याकाळी आठ-नऊला, पुन्हा सकाळी त्याच सुमारास. हे तुमच्या सोयीचं आहे. जेवून, थोडं पडून उठलात की वाळू मोकळी असते. अंधार पडता पडता खोलीच्या खिडकीतून लाटा बघायच्या आणि सकाळच्या चहाबरोबर पुन्हा.

पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून थेट गाडी सव्वादोन ते तीन तासांत सॅं-मालोला पोचवते. काही गाड्यांना वाटेत रेन शहराला बदल असतो. सासूबाई बरोबर आहेत, तेव्हा थेट गाडीचंच तिकीट काढा आणि लवकर काढा, कारण जवळ आल्यावर भाडं खूप वाढतं. तटबंदीच्या आतल्या जुन्या गावात राहायचा मोह सगळ्यांना होतो. तुम्ही तो टाळा. आत दगडी फरसबंदी, सामानाची चाकं अडकणार आणि समुद्र दिसायचा तर तटावर चढायला पायऱ्या. त्याऐवजी सियों नावाच्या किनाऱ्यावर खोली घ्या. स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं चालत. समुद्राला लागून लांबच लांब सपाट बांध आहे, मैल-दीड मैल चाललं तरी एक पायरी लागत नाही. अगदी पाण्यासमोरची हॉटेलं महाग पडतात. मागच्या गल्लीतलं घेतलंत तरी पाणी दोन मिनिटांवर. खोली ठरवताना लिफ्ट आहे का, हे स्पष्ट विचारा. जुन्या इमारतींत ती नसते आणि पहिला मजला म्हणजे आपल्या हिशेबाने एक जिना. दर रात्री माणशी थोडा पर्यटन कर भाड्याच्या वर वेगळा लागतो, तो धरून ठेवा.

या बांधासमोर वाळूत ओकचे अख्खे बुंधे रांगेने रोवले आहेत, काही पुरुषभराहून उंच. एकोणिसाव्या शतकापासून ते लाटांचा जोर मोडायला उभे आहेत. खालून शेवाळाने हिरवेकाळे, वर खाऱ्या वाऱ्याने खरवडून राखाडी झालेले, आणि मधल्या भेगांत शंख-शिंपल्यांची दाटी. ओहोटीला त्यांच्यामधून हिंडता येतं. उधाणात लाट त्यांच्यावर आपटते आणि पाणी बांध ओलांडून रस्त्यावर येतं. तेव्हा बांधाच्या कठड्यापासून लांब राहा. बघायला खूप लोक जमतात आणि नेमके पुढे उभे असलेले भिजतात.

जुन्या गावाच्या पश्चिमेला तटाखाली बॉं-सकूर नावाचा छोटा किनारा आहे. तिथे समुद्रातच भिंत बांधून पोहण्याचं कुंड केलं आहे, 1937 सालचं. ओहोटीत समुद्र लांब जातो, पण कुंडात पाणी राहतं आणि मुलं त्यात डुंबत असतात. मग भरती येते, भिंत बुडते, कुंड बुडतं आणि उघड्या समुद्रात फक्त उडी मारायचा काँक्रीटचा मनोरा उरतो. मी रेनला राहायची तेव्हा सुट्टीच्या दिवशी केवळ हे बघायला यायची. पाणी कुंडाच्या कडेवरून आत सांडायला लागतं तो क्षण दर वेळी नवा वाटतो.

तिथूनच समोर ग्रां-बे हे बेट दिसतं. ओहोटीत त्याच्यापर्यंत दगडी वाट उघडी पडते. शातोब्रियां हा लेखक याच गावचा. 1848 मध्ये तो गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला या बेटावर समुद्राकडे तोंड करून पुरलं आहे. वाट ओली, बुळबुळीत आणि बेटावर चढ आहे, तेव्हा तुम्ही आणि मुलगी जा, सासूबाई व यजमान वाळूवर थांबतील. पाणी परतायच्या वेळेचा फलक तिथे असतो, तो वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका. पाणी दोन्ही बाजूंनी येतं आणि अडकलात तर पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावरच बसावं लागतं.

गाव बघताना एक ध्यानात असू द्या. ऑगस्ट 1944 च्या लढाईत आणि आगीत जुन्या गावाचा बहुतांश भाग जळून गेला. आज दिसणारी काळपट दगडी घरं बरीचशी युद्धानंतर जुन्या धाटणीवर उभारलेली आहेत. ते गाव मला अधिकच जवळचं वाटतं ते यामुळे.

यजमानांसाठी समोरच्या दिनार गावाला जाणारी छोटी होडी. दहा मिनिटांत रांस नदीच्या मुखापलीकडे नेते. नदीवर थोडं आत भरतीच्या पाण्यावर वीज करणारं केंद्र आहे, 1966 साली सुरू झालेलं, या प्रकारचं जगातलं पहिलं मोठं केंद्र. दहा मेगावॉटची चोवीस जनित्रं, एकूण 240 मेगावॉट. बंधाऱ्यावरूनच दोन्ही गावांना जोडणारा रस्ता जातो. वीज मंडळात आयुष्य काढलेल्या माणसाला हे पाहून किती आनंद होईल, ते मी सांगायला नको.

आता जेवण. तुमच्यासाठी ब्रिटनीची गालेत आहे, कुट्टूच्या पिठाचं पातळ, कडा कुरकुरीत झालेलं धिरडं, आत अंडं, चीज, मशरूम किंवा पालक. ‘कोंप्लेत’ नावाने जे सर्वत्र मिळतं, त्यात हॅम असतं. ‘सां जांबों’ म्हणजे हॅमशिवाय, असं आधीच सांगा, आनंदाने करून देतात. बाकीच्या खाणावळी दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद करतात आणि संध्याकाळी सातच्या आधी उघडत नाहीत. सासूबाईंच्या औषधांच्या वेळा त्यावर बसवा, बॅगेत दशम्या-चटणी ठेवा.

एक दिवस सासूबाईंना बसने जवळच्या कांकाल गावाला न्या. तिथे बंदरावर कालवं विकायला बसतात. फोडून, लिंबू पिळून, कच्चीच देतात आणि लोक तिथेच बांधावर बसून खातात, शिंपा खाली किनाऱ्यावर टाकतात. त्या वयात कच्चं खाण्याचा आग्रह मी करणार नाही. पण शिजवलेले शिणाणे, म्हणजे काळे शिंपले, घ्या. त्या खाडीत लाकडी खांबांवर वाढवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांचा ऐन हंगाम. कांदा आणि पांढऱ्या वाइनमध्ये वाफवून पातेलंभर समोर येतात. वाइन नको असेल तर विचारून घ्या. हवा स्वच्छ असली तर तिथूनच माँ-सॅं-मिशेल हे मठाचं बेट क्षितिजावर दिसतं. ते जवळून बघायला जावं असं सगळे म्हणतील. वरच्या मठापर्यंत शेकडो पायऱ्या आणि दिवसभराची धावपळ. या खेपेला कांकालवरूनच बघा.

उरलेल्या नावांबद्दल थोडक्यात. एत्रताचे पांढरे खडूचे कडे अप्रतिमच, पण गावात रेल्वे नाही, किनारा गोट्यांचा आणि वरून देखावा बघायचा तर कड्यावर चढावं लागतं. कासीचं स्टेशन गावापासून तीन किलोमीटर वर डोंगरात आहे. नीस पॅरिसहून रेल्वेने जवळपास सहा तास, म्हणजे तुमच्या चार दिवसांतला एक जाण्या-येण्यातच गेला. दोव्हिलचा मात्र विचार ठेवा. रजा भांगाच्या दिवसांतच मिळाली, तर सॅं-मालोऐवजी तिकडे जा, पण राहा नदीपलीकडच्या त्रुव्हिलला. दोघांचं स्टेशन एकच, पॅरिसच्या सॅं-लाझारहून दोन-सव्वादोन तास. रुंद वाळू, सपाट रस्ता आणि नदीकाठी मासळी बाजार. 1870 च्या उन्हाळ्यात मोनेने इथे वाळूवर बसून चित्रं रंगवली. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या एका चित्राच्या रंगात त्या किनाऱ्याचे वाळूचे कण आजही अडकलेले आहेत.

पाणी त्या दिवसांत सतरा अंशांच्या आसपास असेल. पाय बुडवायला ठीक, पोहायला थंड. वारा बोचरा असतो. सासूबाईंना स्वेटरवरून वारा अडवणारं जाकीट आणि कानटोपी हवीच.

प्रश्न : मुलगा-सून फेब्रुवारीत युरोपला चालले आहेत. नीसला विमानाने उतरून चार रात्री तिथल्या किनाऱ्यावर काढायच्या आहेत. माँतोंला लिंबांचा उत्सव असतो म्हणून सून तिथे राहू म्हणते, मुलगा नीस म्हणतो. दोघंही शाकाहारी.
– एक वाचक, सांगली

उत्तर : राहू दे नीसलाच आणि उत्सव सुनेला मनसोक्त बघू दे. नीस विमानतळावरून ट्राम थेट शहरात येते. नीसच्या मुख्य स्टेशनवरून किनाऱ्याने धावणारी लोकल माँतोंला पाऊणेक तासात पोचवते, त्यामुळे सामान न हलवता अख्खा दिवस तिथे घालवता येतो. 1934 पासूनच्या या उत्सवात संत्र्या-लिंबांचे प्रचंड पुतळे उभारतात आणि तेव्हा त्या लहान गावात खोल्यांचे दर फार चढतात. तारखा मात्र आधी पक्क्या करा.

जाता-येता व्हिलफ्रांशला उतरा. तिथलं स्टेशन आणि किनारा जवळजवळ एकमेकांना चिकटून आहेत. नीसचा किनारा गोट्यांचा, तेव्हा जाड तळाचे बूट न्या. शाकाहाऱ्यांची तिथे चंगळ आहे. ‘सोका’ म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचा, ऑलिव्ह तेलातला, भल्या मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेला पोळा. वर भरपूर मिरपूड. भट्टीतून परात बाहेर येईपर्यंत रांगेत थांबा, निवलेला घेऊ नका.