गाणं की गाण्याची मास्तरकी?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी पीयूसी (म्हणजे बारावी) पास झाली, गायनाची विशारद प्रथमही झाली. तिला पुण्याला जाऊन गायनाची पदवी घ्यायची आहे. फी, खोली, मेस धरून वर्षाला अडीच लाख लागतील असा ताईंचा हिशेब. यजमानांचं म्हणणं, धारवाडला बीए कर, मग बीएड, आणि शाळेत गाण्याची बाई हो. कार्यक्रमांवर कुणाचं घर चालतं? सगळेच काही कुमार गंधर्व होत नाहीत. घरात महिन्याला ३८ हजार येतात. गावच्या सौहार्द (सहकारी) सोसायटीत ४ लाखांची ठेव, पिग्मीत ७० हजार आणि सासूबाईंच्या ४ तोळ्यांच्या पाटल्या. ताई विचारतात, पाटल्या मोडू का?

ताई, आधी तेच. पाटल्या मोडू नका आणि गहाणही टाकू नका. सोन्यावरच्या कर्जाचं व्याज लगेच धावायला लागतं आणि वर्षभरात ते सोडवायची किंवा नवं करून घ्यायची वेळ येते. मुलीच्या हातात नियमित पैसा यायला मात्र चार-पाच वर्षं जाणार. एवढ्या काळात त्या पाटल्या परत येत नाहीत, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

आता पुण्याचा हिशेब. तीन वर्षांचे साडेसात लाख. साडेतीन तुम्ही घातले आणि ४ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं असं धरू. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण एका वर्षानं सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. कर्ज तीन वर्षांत सारखं विभागून उचललं, १० टक्के दर धरला आणि मधे काहीच भरलं नाही, तर हप्ता सुरू होताना आकडा ५ लाख २० हजारांच्या आसपास असेल. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला ८,६०० रुपये. वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना पीएम विद्यालक्ष्मी योजनेत व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते, पण ती ठरावीक यादीतल्या संस्थांसाठी आणि मर्यादित विद्यार्थ्यांना, म्हणून ती मी हिशेबात धरत नाही. नुकतं गायला लागलेल्या मुलीच्या मानेवर ८,६०० चं ओझं असलं की ती मिळेल तो ऑर्केस्ट्रा घेते आणि रियाज सुटतो. मला खरी भीती याची आहे.

माझ्याकडे हिशेबाच्या सल्ल्याला एक तबलजी येतात, वीस वर्षं साथ करताहेत. पहिल्या भेटीत त्यांनी एक लांब लाल वही माझ्यासमोर उघडली. गणपती आणि नवरात्राच्या पानांवर ओळी दाटीनं, समासातसुद्धा आकडे. पावसाच्या सुरुवातीची पानं जवळजवळ कोरी. पण प्रत्येक पानाच्या तळाला, न चुकता, ‘शिकवणी’ असं लिहून एक रक्कम, थोडी इकडेतिकडे. घरभाडं आणि मुलांची फी त्या तळच्या ओळीतून गेली. वरच्या ओळींतून स्कूटर आली, घरावर पत्रे आले.

म्हणजे यजमान निम्मे बरोबर आहेत. शिकवण्यातून घर चालतं. पण त्यासाठी आजच बीएडची दोन वर्षं बांधून घ्यायची गरज नाही. केंद्रीय विद्यालयात संगीत शिक्षकाचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं आणि तिथे मुख्य अट संगीताच्या पदवीची असते. मात्र एका शाळेत अशी जागा बहुधा एकच. तुमचं गाव महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांत असेल तर महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांनाही अर्ज करता येतो. त्यासाठी १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो, तो आत्ताच काढून ठेवा. कॉलेजात शिकवायचं तर नेट ही पात्रता परीक्षा आहे, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत आकाशवाणी-दूरदर्शनच्या ‘ए’ ग्रेड कलाकारालाही वाट ठेवली आहे. ती वाट गाण्यातूनच जाते. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व मुंबईत ज्यांच्याकडे शिकले, त्या देवधर मास्तरांची संगीताची शाळाच होती.

म्हणून माझं मत: मुलीनं गायनच करावं, पण धारवाडला. खानापूरहून लोंढ्यामार्गे रेल्वे आहे, शनिवारी घरी येता येतं. घरी येऊन रविवारी दहा मुलांना जरी महिना ५०० रुपयांनी शिकवलं, तरी ५ हजार होतात आणि तिची वही पहिल्याच वर्षी सुरू होते. धारवाडला आकाशवाणी आहे. तयारी झाली की ऑडिशनला बसेल. आणखी एक गोष्ट, जी मला फार मोलाची वाटते. तिचं कन्नड पक्कं होईल. आपल्याकडे अभंग आणि नाट्यगीत, तिकडे कन्नड संतांची वचनं आणि हरिदासांची पदं. दोन्ही शुद्ध उच्चारात गाणाऱ्या गायिकेला आपल्या भागात दोन्हीकडून बोलावणं येतं. पुण्यात हे मिळणार नाही.

प्रवेश घेताना संगीताबरोबर मराठी, हिंदी किंवा इंग्रजीसारखा शाळेत शिकवला जाणारा विषय घ्यायला सांगा. बीएडच्या प्रवेशाला पदवीचे विषय बघतात. निव्वळ संगीताची पदवी असली तर तिथे अडू शकतं. कॉलेजात हे आधीच विचारून, लेखी घ्या. विशारद पूर्ण होऊ दे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी महिना ५,००० रुपयांची, दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे; जाहिरात निघाली की अर्ज भरा.

ठेवीबद्दल एक सांगायलाच हवं. सगळे ४ लाख एकाच सोसायटीत नकोत. बँकेतल्या, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. सोसायटीच्या ठेवीला तो नसतो. मुदत संपेल तसे निम्मे बँकेत हलवा. हे दोन लाख म्हणजे तुमच्या घराचा पाच-सहा महिन्यांचा खर्च, त्याला शिक्षणासाठीही हात लावायचा नाही. पिग्मी मुदतीआधी मोडली तर व्याजावर पाणी सोडावं लागतं. मुदत भरू द्या आणि त्यातून मिरजेला जाऊन चांगला तानपुरा घ्या. तोवर मोबाईलवरचा चालेल.

पुण्याचा हट्ट एकाच कारणासाठी मान्य करीन: तिथल्या एखाद्या गुरूंनी तिचं गाणं ऐकून ‘ये’ म्हटलं असेल तर. तसं असेल तर आकडे पुन्हा मांडू. नसेल, तर येत्या रविवारी मुलीला आणि यजमानांना दोघांनाही घेऊन धारवाडला जा, तिला एखाद्या जाणत्या गुरूंसमोर तासभर गाऊ द्या, आणि ते काय म्हणाले ते मला कळवा.