हडकुळा घोडा घरी आणलाय? चंदीची घाई नको
अभिनंदन! बरगड्या मोजता येतायत म्हणून भरपूर चंदी चारायचा मोह होईल, तो आवरा. नवखे बहुतेक इथेच चुकतात. उपासमार झालेल्या घोड्याला एकदम धान्य दिलं की रक्तातल्या क्षारांचं गणित कोसळतं आणि ते जिवावर बेतू शकतं. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे आधी पशुवैद्यांना दाखवा आणि सुरुवातीला फक्त चांगला सुका चारा द्या. थोडा थोडा, दिवसातून पाच-सहा वेळा. वाळवलेला लसूणघास उत्तम. प्रमाण दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा. स्वच्छ पाणी कायम समोर हवं.

बाकी सध्या एवढंच बघा:

- चाऱ्याचे अर्धवट चावलेले गोळे तोंडातून पडत असतील तर दात तपासून घ्या.
- जंताचं औषध मनाने देऊ नका. आधी लीद तपासा, मग डॉक्टर ठरवतील.
- खूर रोज साफ करा. तळाच्या त्रिकोणी मऊ भागालगतच्या खाचेत काळपट, घाण वासाचा चिकटा दिसला तर ते कुजतंय. जागा कोरडी ठेवा, नालबंदाला बोलवा.
- लीद थांबली, घोडा सारखा पोटाकडे बघतोय, लोळतोय? पोटशूळ असू शकतो. वाट न बघता डॉक्टरांना फोन.

खरारा रोज करा, आणि करताना बरगड्यांवर हात फिरवा. लांब केसांखाली डोळे फसतात, हात फसत नाही. अंग भरायला काही महिने जातील. पूरक खुराक, व्यायाम हे सगळं नंतर बोलू. खोगीर तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत खुंटीवरच राहू द्या.